वाटणी सारखी झाली, मग जेसा कोणी करायचा? (कोरियातली वडिलोपार्जित मालमत्ता आणि पितरांचे विधी)

रानजाई

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिण कोरियात सुवॉनला राहतो. वरच्या मजल्यावर साठीच्या एक बाई आहेत. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना 'इमो' म्हणते, म्हणजे मावशी. त्यांचे वडील गेल्या हिवाळ्यात वारले. मागे तीन बहिणी आणि सगळ्यांत धाकटा एक भाऊ. जॉल्ला प्रांतात गावाकडे भातशेती, जुनं घर आणि डोंगरउतारावर घराण्याच्या समाध्या.

शेती आणि घराची वाटणी चौघांत सारखी. कायदाच तसा आहे आणि त्यावर कुणाची तक्रार नाही. गाडं अडलंय जेसापाशी. जेसा म्हणजे पूर्वजांच्या पुण्यतिथीला घरी केला जाणारा विधी. शिवाय छुसोक (सुगीचा सण) आणि सोल्लाल (नववर्ष) या दोन सणांना सकाळी पितरांना ताट मांडतात, ते वेगळं. आजवर हे सगळं वडील करायचे. आता भाऊ कॅनडात असतो, त्याची बायको चर्चला जाणारी. तो म्हणतो, 'मी पैसे पाठवतो, तुम्ही करा.' इमो सगळ्यांत थोरल्या. त्या म्हणतात, 'मी करते, पण मग पितरांना दारूचा पहिला प्यालाही मीच वाहणार.' यावर त्यांचे चुलते भडकलेत. लग्न होऊन गेलेल्या मुलीने पहिला प्याला वाहिला, तर घराणं संपलं असं गाव म्हणेल, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत: ज्याने वाटा घेतला, त्याने विधीतही वाटा उचलावा, आणि जो विधी करेल त्याला मानही पूर्ण मिळावा. तुम्हाला काय वाटतं? कोरियात किंवा चीन, व्हिएतनामकडे राहिलेले कुणी आहेत का इथे? नेमकं काय चालतं?

गवतीचहा

वाचतेय. विषय छान आहे.

रात्रपाळी

कोरियन मालिकांत ते लांबलचक टेबल, फळांच्या चळती आणि काळ्या कोटातले पुरुष दोन-दोनदा साष्टांग घालताना पाहिले होते. बायका कायम स्वयंपाकघरात. ते पाहून मला वाटायचं, ही हजारो वर्षांची पद्धत असणार.

दफ्तरदार

रात्रपाळी, हजारो नाही. मुलींना वगळणारी ही रीत साधारण साडेतीनशे वर्षांची आहे, आणि रानजाईताईंच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरियात जोसोन राजवट १३९२ पासून १९१० पर्यंत चालली. राज्य पहिल्यापासून कन्फ्यूशियसच्या विचाराचं, चिनी तत्त्वज्ञ जू शी यांचा गृहविधींचा ग्रंथ प्रमाण. पण घराघरातली रीत बदलायला दोन-अडीचशे वर्षं गेली. १४८५ मध्ये लागू झालेली ग्यंगगुक देजॉन ही विधिसंहिता काय सांगते? मुख्य पत्नीच्या मुलगे-मुलींना सारखा वाटा. जो पितरांचे विधी चालवेल त्याला एका वाट्याच्या एक पंचमांश इतकं जास्त. बस.

कागदही टिकलेत. युल्गोक म्हणून थोर तत्त्वज्ञ होऊन गेला, पाच हजार वॉनच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. त्याने आणि त्याच्या भावंडांनी, चार भाऊ नि तीन बहिणी, १५६६ मध्ये एकत्र बसून आईवडिलांच्या मालमत्तेचं वाटणीपत्रक केलं. आधी विधी आणि समाध्यांसाठी भाग बाजूला काढला आणि मग उरलेलं वाटलं. वडिलांच्या दुसऱ्या बाईलाही हिस्सा आहे. हा कागद कोरियाने सरकारी यादीतला ठेवा म्हणून जपलाय.

त्याहून मोठी गोष्ट त्याच्या आजोळची. त्याची आई शिन साइमदांग, चित्रकार आणि कवयित्री, पन्नास हजारांच्या नोटेवर आहे. तिला चार बहिणी, भाऊ नाही. तेव्हाच्या रीतीने लग्नानंतरही मुलगी बरीच वर्षं माहेरीच राहायची आणि जावई सासुरवाडीला यायचा. त्यामुळे युल्गोकचा जन्म १५३६ मध्ये आजोळी, गांगनंगच्या ओजुकहॉन या घरातच झाला. आजीने वाटणी करताना युल्गोकला राजधानीतलं घर दिलं, ते आपल्या घराण्याचे विधी करण्यासाठी. आणखी एका मुलीच्या मुलाला ओजुकहॉन दिलं, ते समाध्या राखण्यासाठी. म्हणजे मुलीच्या मुलांनी आजोळचे पितर सांभाळले आणि त्याबद्दल त्यांना घर मिळालं. इमोंच्या चुलत्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

भीमाकाठ

दफ्तरदार, माहिती उत्तम. पण सोनेरी काळ रंगवू नका. त्याच संहितेत रखेलीच्या मुलांना किती होतं तेही लिहा. आणि त्या वाटणीपत्रकांत शेतीच्या बरोबरीने गुलाम माणसंही वाटली जायची ना?

दफ्तरदार

बरोबर आहे, लिहायला हवं. स्वतंत्र कुळातल्या उपपत्नीच्या मुलांना एक सप्तमांश, दासीपोटच्या मुलांना एक दशांश. आणि हो, 'नोबी' म्हणजे वंशपरंपरागत दास-दासी, त्यांची नावं आणि वयं लिहून ती भावंडांत वाटली जात. समानता होती ती खानदानी घरातल्या मुख्य पत्नीच्या मुलामुलींपुरती.

चाफेकळी

मग हे बदललं कधी आणि का? मुलींनी सोडून दिलं की काढून घेतलं?

दफ्तरदार

दोन्ही बाजूंनी झालं. आधी विधी पाळीपाळीने होत. या वर्षी थोरल्याकडे, पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीकडे. सतराव्या शतकात लग्नानंतर मुलगी थेट सासरी जायची रीत पक्की होत गेली. मुलगी दूर गेली की पाळी चुकायची. बुआनच्या किम घराण्यातला १६६९ चा एक कागद प्रसिद्ध आहे. किम म्यंगयॉल नावाच्या गृहस्थाने मुलांसाठी लिहून ठेवलंय. त्याचा आशय असा: इतरांकडे जावई आणि मुलीकडचे नातू विधी टाळतात किंवा कसेबसे उरकतात. आपल्याकडे त्यांना पाळीत घेऊ नये. आईवडिलांची माया मुलावर-मुलीवर सारखीच, पण मुलगी जिवंतपणी सांभाळायला नाही आणि मेल्यावर विधीला नाही, तर तिला बरोबरीची जमीन कशी द्यावी? तिला एक तृतीयांश द्यावा.

बघा, आधी विधीतून काढलं आणि मग त्याच कारणाने वाटा कापला. पुढच्या शतकात तो एक तृतीयांशही बऱ्याच घरांतून गेला. मुलगा नसेल तर पुतण्या दत्तक घ्यायचा, पण मुलीकडे जाऊ द्यायचं नाही, हे तेव्हापासून घट्ट झालं. रानजाईताई, बुआन जॉल्ला प्रांतातच येतं.

भीमाकाठ

एक गोष्ट विसरू नका. सात भावंडांत जमीन सारखी वाटली, पुढच्या पिढीत पुन्हा वाटली, की तिसऱ्या पिढीत कुणाकडेच पितरांचं ताट मांडण्याइतकं उरत नाही. थोरल्याकडे घर, देवघर आणि समाध्यांची जमीन एकत्र ठेवली म्हणून घराणी टिकली. आमच्याकडे दोन चुलत्यांच्या वाटणीनंतर बांधावरून जे झालं, ते पाहून मला थोरल्याकडे ठेवण्यात अन्याय दिसत नाही. थोरल्यावर ओझंही तेवढंच असतं. आयुष्यभर गाव सोडता येत नाही.

चाफेकळी

भीमाकाठ, ओझं थोरल्यावर म्हणता, पण ते वाहतं कोण? थोरल्याची बायको.

अंदोंगची_सून

चाफेकळीने बोलावल्यासारखंच झालं! मी मूळची साताऱ्याची, लग्न अंदोंगजवळच्या एका जुन्या घराण्यात. नवरा थोरला, पण मूळ शाखेतला नाही, म्हणून मी 'जोंगबू' नाही. जोंगबू म्हणजे घराण्याच्या थोरल्या पातीच्या वारसाची बायको. आमच्या जोंगबू सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या घरी चार पिढ्यांचे पूर्वज, नवरा-बायको धरून आठ, शिवाय ज्याच्या नावाची पाटी कधीच हलवायची नाही असा एक मूळ पुरुष. वर दोन सण. म्हणजे जवळजवळ दर महिन्याला घरात मोठा स्वयंपाक.

विधी कसा होतो ते सांगते, कारण मालिकांत अर्धाच दाखवतात. आमच्याकडे रात्री उशिरा करतात. पाटी नसेल तर कागदावर पूर्वजाचं नाव लिहून उभं करतात. उदबत्ती लावून आत्म्याला बोलवायचं, वाळू आणि गवत ठेवलेल्या भांड्यात दारू ओतून देहाला बोलवायचं. मग पहिला प्याला थोरला मुलगा वाहतो आणि लेखी प्रार्थना वाचली जाते. आता नीट ऐका: जुन्या नियमाप्रमाणे दुसरा प्याला त्याच्या बायकोचा आहे. पुरुष दोनदा नमस्कार करतात, बायका चारदा. आमच्या जोंगबू आजही दुसरा प्याला स्वतः वाहतात. शहरातल्या कित्येक घरांत हाच मान गेलाय आणि तळण तेवढं उरलंय.

मग भाताच्या वाटीत चमचा उभा रोवायचा, दार लोटून सगळ्यांनी बाहेर थांबायचं. पितरांना नऊ घास घेता येतील इतका वेळ. तीनदा खाकरून आत जायचं. सार उचलून पाणी ठेवायचं, निरोप द्यायचा, कागद जाळायचा. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रसाद खायचा. पहिल्या वर्षी दारामागे उभी असताना मला आमच्या घरचं श्राद्ध आठवून रडू आलं होतं. कावळ्याची वाट बघत सगळे असेच गप्प उभे असायचे.

गवतीचहा

सुंदर लिहिलंत. ताटात काय काय असतं? आणि काय चालत नाही?

अंदोंगची_सून

भात, सार, भाकऱ्यांसारखे तळलेले 'जॉन', भाज्या, मासे, मांस, तांदळाचे केक, खजुरासारखी बोरं, चेस्टनट, नाशपाती, सुकवलेली पर्सिमन. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला असं सांगतात, पण घरागणिक वेगळं. अंदोंगकडे उकडलेला ऑक्टोपस हवाच, त्याशिवाय ताट पुरं होत नाही. लसूण आणि लाल तिखट चालत नाही. पीच ठेवत नाहीत, त्याने आत्मे पळतात म्हणे. ज्या माशांच्या नावाच्या शेवटी 'छी' येतं, ते बांगड्याच्या जातीचे वगैरे, ते टाळतात.

रात्रपाळी

लसूण-तिखट नाही, म्हणजे पितरांना किमचीसुद्धा पांढरी! आमच्या आजोबांनी तर पिंडाजवळ ठेचा नसता तर कावळाच होऊन यायचं नाकारलं असतं.

वसईकर

रानजाई, तुमच्या इमोंच्या भावजयीबद्दल लिहायचं होतं. तिच्या अंगावर लगेच जाऊ नका. चर्च आणि जेसा या वादात कोरियात रक्त सांडलंय.

कॅथलिक चर्चने १७४२ मध्ये पूर्वजांच्या विधींना बंदी पक्की केली. आधी चीनमधल्या मिशनऱ्यांत यावर शंभर वर्षं वाद चालला होता. कोरियात जिनसानच्या युन जीछुंग या खानदानी तरुणाने ही बंदी पाळली. आई वारल्यावर त्याने जेसा केला नाही आणि पितरांच्या पाट्या जाळल्या. १७९१ मध्ये त्याला आणि त्याचा मामेभाऊ ग्वॉन सांगयॉन याला जॉन्जू इथे मारलं. पितर नाकारणं म्हणजे बाप नाकारणं, आणि बाप नाकारणं म्हणजे राजा नाकारणं, असा तो गुन्हा. तिथून पुढे शंभर वर्षं छळ चालला. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सोलमध्ये या दोघांना आणि इतर हुतात्म्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं.

आणि १९३९ मध्ये रोमने ती बंदी उठवली! पूर्वजांना मान देणं हा नागरी आदर आहे असं ठरलं. आज कोरियातले कॅथलिक घरात जेसा करू शकतात. प्रोटेस्टंट बहुतेक करत नाहीत, ते त्या दिवशी स्मरणप्रार्थना करतात. भावजय कोणत्या चर्चची आहे ते आधी विचारा. आमच्या वसईत घरोघरी मेलेल्यांच्या महिन्यात मिस्सा सांगतात, समाध्यांवर मेणबत्त्या लावतात. आपल्या माणसांना आठवायची भूक सगळीकडे सारखीच आहे.

रानजाई

वसईकर, ती प्रोटेस्टंट आहे. तुमचं लिहिणं वाचून तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं असं वाटलं. ती छुसोकला आली होती तेव्हा सगळा स्वयंपाक करायला थांबली होती, फक्त नमस्काराला बाहेर गेली.

कोर्टाचीपायरी

कायद्याची बाजू लिहितो. दोन वर्षं सोलमध्ये होतो, तेव्हा यात बरंच वाचन केलं.

१९६० पासून लागू झालेल्या नागरी संहितेत लग्न झालेल्या मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश होतं. कुटुंबप्रमुख म्हणून वारसा घेणाऱ्या मुलाला निम्म्याने जास्त. १९९१ पासून मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली, सगळे सारखे. जोडीदाराला एका मुलाच्या दीडपट. तोवर उरलेली 'होजू' पद्धत, म्हणजे घराची नोंद पुरुष प्रमुखाच्या नावावर ठेवायची, ती घटना न्यायालयाने २००५ मध्ये घटनाविरोधी ठरवली आणि २००८ च्या १ जानेवारीला ती संपली. त्याच २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घराण्याच्या मंडळात, 'जोंगजुंग' म्हणतात त्यात, मुलीही सभासद. विवाहित मुलींनीच तो दावा लावला होता. घराण्याची जमीन विकून आलेल्या पैशात त्यांना बरोबरीचं मिळालं नव्हतं.

आता कळीचा मुद्दा. समाध्यांची जमीन सामान्य वारशात वाटली जात नाही. कलम १००८-३ प्रमाणे समाध्यांचं रान सुमारे ९,९०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे अडीच एकराच्या आत, आणि विधीचा खर्च भागवणारी शेती सुमारे १,९८० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे वीस गुंठ्यांच्या आत, शिवाय वंशावळ आणि विधीची भांडी, हे सगळं विधी चालवणाऱ्याकडे जातं. म्हणजे 'पहिला प्याला कोण वाहणार' हा नुसता मानाचा प्रश्न नाही, रानजाई. त्यामागे जमीन आहे.

मग विधी चालवणारा कोण? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वारसांनी सहमतीने ठरवा, नाही जमलं तर थोरला मुलगा. मग ११ मे २०२३ ला पूर्ण पीठाने ते फिरवलं. एका मृताची पत्नी आणि दोन मुली एकीकडे, आणि दुसऱ्या बाईपासून झालेला त्याचा अल्पवयीन मुलगा दुसरीकडे, वाद अस्थींचा होता. न्यायालयाने ठरवलं: सहमती नसेल तर मुलगा-मुलगी न बघता जवळच्या वंशजांत वयाने थोरला किंवा थोरली. इमो थोरल्या आहेत ना? कायदा त्यांच्या बाजूने आहे.

भीमाकाठ

हे माहीत नव्हतं. पण कोर्टात जाऊन मिळवलेल्या प्याल्यात काय अर्थ? चुलते ताटाला येणारच नाहीत.

चाफेकळी

न येवोत. १६६९ च्या कागदात मुलीला का वगळलं? ती येत नाही म्हणून. इथे मुलगी येतेय, करतेय, आणि मुलगा कॅनडात आहे. तोच न्याय लावायचा तर प्याला इमोंचा.

दफ्तरदार

चाफेकळी, हे मी लिहायला हवं होतं. अगदी बरोबर.

निळावंती

अवांतर: आपल्याकडेही पिंड आणि वारसा यांचा संबंध आहेच. बंगालच्या दायभाग या जुन्या वारसापद्धतीत जो पिंडाने जास्त उपकार करू शकतो तो वारस, असा हिशेब. महाराष्ट्रात मिताक्षरा, तिथे रक्ताची जवळीक. महाराष्ट्राने मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्कदार, केलं १९९४ मध्ये, देशभर झालं २००५ मध्ये. कोरियाचं आणि आपलं २००५ एकच निघालं! पण किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात ते तलाठ्याला विचारा. माहेर तुटू नये म्हणून सही करतात. मी केली नाही, आणि भाऊ आजही भाऊबीजेला येतो.

गवतीचहा

निळावंतीताई +१. पण धागा कोरियाचा आहे, आपल्याकडचं वेगळ्या धाग्यात घ्या ना, तिथे मलाही बोलायचंय.

अंदोंगची_सून

कामाच्या ओझ्याबद्दल एक राहिलं. संगग्युनग्वान ही कन्फ्यूशियन परंपरेची मानाची संस्था. तिने २०२२ च्या छुसोकच्या आधी जाहीर केलं की सणाच्या ताटाला नऊ पदार्थ पुरेत आणि तळलेलं काही ठेवायची गरज नाही. जुन्या ग्रंथांतही तळण मांडू नये असंच आहे. आमच्या सासूबाईंनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि पुढच्या सणाला कढई काढलीच नाही. नातेवाईक आले, जेवले, कुणी काही बोललं नाही.

आणि चार पिढ्यांचं म्हणाल तर ग्यंगगुक देजॉनमध्येच सहाव्या आणि त्यावरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला तीन पिढ्या, त्याखाली दोन, सामान्य माणसाला फक्त आईवडील. चार पिढ्या घरोघरी पसरल्या त्या नंतर, मोठ्या घराण्यांसारखं दिसावं म्हणून. १९६९ मध्ये सरकारने आजी-आजोबांपर्यंतच करा असा दंडक काढला होता. इमोंनी आईवडिलांचा आणि आजी-आजोबांचा जेसा केला तरी तीही पुरेशी जुनी रीत आहे.

रानजाई

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय. ओजुकहॉनची गोष्ट मी मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये इमोंना सांगितली. त्यांना साइमदांग ठाऊक होतीच, पण आजीने नातवाला घर दिलं ते विधीसाठी, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ते चुलत्यांना फोनवर सांगितलं. चुलते दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, वडिलांचा जेसा सुवॉनला होऊ दे, आजोबांचा गावच्या घरीच होईल आणि तो ते स्वतः बघतील. भाऊ विधीचा खर्च देणार आहे, आणि भावजय त्या दिवशी कॅनडात आपली प्रार्थना करणार आहे. पहिला प्याला इमोंचा, दुसरा मधल्या बहिणीचा.

समाध्यांच्या जमिनीचं अजून ठरलेलं नाही. कोर्टाचीपायरी, चौघांनी लेखी सहमती केली तर ती जमीन इमोंच्या एकटीच्या नावावर होते, की चौघांच्या?

कोर्टाचीपायरी

सहमतीने विधी चालवणारी म्हणून इमोंना ठरवलं, की कलमाच्या मर्यादेतली जमीन त्यांच्याकडे जाते. मर्यादेबाहेरची जमीन नेहमीच्या वारशात, म्हणजे चौघांची. आधी मोजणी करून घ्या आणि लेखी सहमतीत समाध्यांचं रान, विधीची शेती आणि उरलेली जमीन अशा तीन वेगळ्या नोंदी करा. सही करण्याआधी तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. भाऊ कॅनडात आहे, तेव्हा त्याची सही वकिलातीत साक्षांकित करून मागवावी लागेल, त्याला वेळ लागतो. छुसोकच्या आत व्हायला हवं असेल तर आजच सांगा त्याला.

रानजाई

सांगते. आणि अंदोंगची_सून, त्या ऑक्टोपसला किती वेळ उकडायचं ते इमो विचारतायत. त्यांच्याकडे कधी ठेवत नाहीत, पण वडिलांना आवडायचा.